आधी भोवरा, मग वेलांटी

मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलग्यांकडे कान दिला की त्यांच्यापाशी सांगायला किती असतं ते कळतं. विहिरीत सूर कोणी मारला, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर कसा निघाला, सगळं हातवाऱ्यांसकट. घंटा होते, वह्या उघडतात आणि पाच ओळींत कारभार आटोपतो : गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला दोन शिंगे असतात. मुलग्यांना लिहायचा कंटाळाच असतो, असं आम्हा शिक्षकांत सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. गाईबद्दल त्यांना कुणाला काही कळवायचंच नसतं.

म्हणून मी कृती लिहायला देतो. भोवरा कसा फिरवायचा, लिहा. मग वही शेजारच्याला द्यायची आणि त्याने वहीत आहे तेवढंच करायचं. वहीत असतं, 'जाळी गुंडाळा आणि भोवरा टाका.' शेजारचा जाळी स्वतःच्या मनगटाला गुंडाळतो आणि भोवरा जमिनीवर सोडून देतो. वर्ग खदखदून हसतो. लिहिणारा चवताळतो, वही ओढून घेतो आणि भर घालत सुटतो : खालच्या खिळ्यापासून वर गुंडाळायची, वेढे घट्ट, चिकटून, जाळीचं टोक बोटात अडकवायचं, भोवरा सुटला रे सुटला की हात मागे ओढायचा. 'पुन्हा नीट लिही' असं दहादा सांगूनही हा दुसरा खर्डा मिळत नाही. इथे तो मागावाच लागत नाही, कारण आपलं लिहिणं वाचणाऱ्यापर्यंत पोचलं नाही हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसरीच्या मुलांकडून आधी तोंडी वदवून घ्यावं, चित्र काढू द्यावं. ती पेन्सिल इतकी दाबून धरतात की हात भरून येतो. चार वाक्यं पुष्कळ झाली.

शुद्धलेखन शिकवायचंच, त्यात तडजोड नाही. पण मराठी साहित्य महामंडळाचे 1962 सालचे 14 नियम आणि 1972 साली वाढवलेले 4, असे सगळे एका पानावर लाल शाईने उतरवले तर मुलगा पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितो, चुका कमी व्हाव्यात म्हणून. मी एका पंधरवड्यात एकच गोष्ट तपासतो. शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, दुसरा उकार : जाळी, पाटी, जादू. 'आणि', 'नि' हे अपवाद तेवढे पाठ. ते अंगवळणी पडलं की विहीर पण विहिरीत, फूल पण फुलात. घरच्या बोलीतलं 'हीर' पहिल्या खर्ड्यात आलं, तर राहू देतो. बोली पुसली की सांगणाराही गप्प होतो.

अक्षराचंही तेच. कोंबडीचे पाय म्हणून ज्याची वही वर्गभर दाखवली जाते, तो पुन्हा मनापासून लिहीत नाही.

पालकांना एवढंच सांगणं आहे : मुलाची वही हातात आली की आधी मजकूर मोठ्याने वाचा आणि 'मग पुढे काय झालं?' असं विचारा. तो सांगेल ते त्यालाच वहीत लिहू द्या. अक्षर आणि वेलांट्या नंतर बघा.