ताप आणि कसर

परवा जर्मनीहून लेकीचा फोन आला. "आई, पिल्लूला 39 ताप आहे." आयुष्यभर फॅरनहाइटमध्ये ताप मोजलेल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. 39 सेल्सियस म्हणजे 102 च्याही वर! मी विचारलं, "अगं, हाताला कसं लागतंय अंग?" ती म्हणाली, "पोळतंय." मग मला नीट कळलं. (नात आता बरी आहे, नातेवाईकांनी काळजी करू नये.)

तिकडे म्हणे 'मला ताप आला' असं म्हणत नाहीत, 'माझ्याकडे ताप आहे' अशा धाटणीचं बोलतात. आपल्याकडे ताप कोणाच्या मालकीचा नसतो. तो येतो, भरतो, चढतो, मुक्काम करतो आणि मर्जी झाली की उतरतो. व्याकरण शिकवताना मी हे वाक्य हमखास घ्यायचे. 'मला ताप आला.' कर्ता कोण? निम्मा वर्ग 'मला' म्हणून ओरडायचा. कर्ता ताप! आपण नुसते चतुर्थीत बसलेले.

आणि त्याच्या पायऱ्या तरी किती! नुसती शंका असेल तर कसर, जरा पुढे कणकण, मग अंग मोडून येतं, हुडहुडी भरते आणि शेवटी माणूस तापाने फणफणतो. अंगावर लाह्या फुटतील असा ताप थर्मामीटरशिवायच कळतो.

लोणावळ्यात 1945 पासून नौदलाचं आयएनएस शिवाजी, शिवाय रेल्वे. त्यामुळे शेजार देशभरचा. गुजराती शेजारीण 'ताव आला' म्हणायची, तर मला जेवणावर मारायचा ताव आठवायचा. कोकणीत ज्वराचा 'जोर' झाला, म्हणजे गोव्यात जोर आलेला माणूस अंथरुणात असतो! हिंदीतला बुखार मूळचा अरबी, अर्थ वाफ. आपणही 'अंगातून वाफा निघताहेत' म्हणतोच की. सगळ्यात गंमत मल्याळमची. तिथे तापाला म्हणतात 'पनी'. केरळहून नव्याने आलेला एक मुलगा वर्गात बाकावर डोकं टेकून 'पनी, पनी' करत होता आणि पोरांनी त्याच्यापुढे तीन तांबे पाणी आणून ठेवलं. तमिळमध्ये हाच उच्चार दवाला, गारठ्याला. आपल्या हिवतापात तर दोन्ही एकत्रच नांदतात.

पण 'अंगावर काढणे' हे कोणाला इंग्रजीत सांगून पाहा. मला तरी जमलेलं नाही. आमच्या मावळात तो बायकांचा शब्द. भातलावणीचे दिवस, डोक्यावर इरलं, खाचरात गुडघाभर चिखल, रोप वेळेत लागलं नाही तर वर्ष गेलं. अशा वेळी फणफणून ताप आला तरी बाई त्याला 'कसर'च म्हणणार, कारण ताप म्हटलं की निजावं लागतं, कसर म्हटलं की काम चालू ठेवता येतं. डॉक्टरपुढेही ती 'जरा कसर आहे' एवढंच सांगते. डॉक्टर शहरातून आलेला नवा असेल तर तोही किरकोळच समजतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी आता नर्स आहे. तिला मी सांगून ठेवलंय, कोणी कसर म्हणालं की आधी हात लावून बघ.

हिवताप निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1958 मध्ये सुरू झाला. भिंतींवर डीडीटी मारून जायचे, आणि एक कर्मचारी ठरावीक दिवसांनी दारोदार येऊन विचारायचा, "कोणाला ताप?" मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. ऐन लावणीत तो आमच्या दारात उभा राहिला. आई इरलं घेऊन निघालीच होती, डोळे लाल, ओठ सुकलेले. म्हणाली, "ताप न्हाई बा. कसर हाये जराशी." माणूस मावळातलाच होता. त्याने वाद घातला नाही. "बोट पुढं करा, मावशी," म्हणाला. टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, कडू गोळ्या दिल्या, समोरच घ्यायला लावल्या. काही दिवसांनी निरोप आला, हिवताप निघालाय, आणखी गोळ्या घ्या.

उरलेली दोन खाचरं त्या वर्षी मी आणि भावाने लावली.