श्रीमुख की आंगिरस?

रोम आणि नेपल्सच्या मधल्या डोंगरात काम्पोदिमेले नावाचं लहानसं गाव आहे. तिथली माणसं फार जगतात म्हणून ते प्रसिद्ध आहे. सार्डिनियातल्या डोंगराळ गावांचीही अशीच ख्याती. मिशेल पुलँ आणि जियानी पेस या संशोधकांनी तिथल्या नकाशावर निळ्या शाईने खुणा केल्या, त्यावरून 'ब्लू झोन' हे नाव पुढे जगभर झालं. निवृत्ती जवळ आल्यावर माणूस असलं काहीबाही वाचू लागतो. मीही वाचत होतो आणि येईल त्याला सांगत होतो. चेन्नईचा एक जुना सहकारी शेवटी कंटाळून म्हणाला, "इटलीला कशाला जातोस? तंजावरला माझ्या दोन मावश्या आहेत. एक एक्क्याण्णव, दुसरी एकोणनव्वद. वर मराठी बोलतात."

पोंगल आटोपल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. चेन्नईच्या एग्मोरहून रात्री उळवन एक्सप्रेस धरली आणि सकाळी तंजावरला उतरलो.

राजवाड्याभोवती चार मुख्य रस्ते आहेत. त्यांतल्या पश्चिमेच्या रस्त्याला, म्हणजे मेल वीधीला लागून असलेल्या एका गल्लीत थोरल्या मावशी राहतात. धाकट्या तिथून चार घरं सोडून. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, १६७०च्या दशकात इथे राजे झाले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत भोसल्यांचीच गादी होती. कारकुनीसाठी, पुराणिकासाठी, कीर्तनासाठी जे लोक त्यांच्या मागोमाग आले, त्यांतलंच हे एक घर. गल्लीत त्यांना 'रायर' म्हणतात. त्यांच्या मराठीत तमिळ क्रियापदं बिनदिक्कत येतात आणि मधूनच बखरीतला एखादा शब्द निघतो. मला ती जशीच्या तशी उतरवता येणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं आपल्या वळणाने देतो.

दीर्घायुष्याचं गुपित ताटात असेल असं मी धरून चाललो होतो. ऑलिव्ह तेल नाही तर तिळाचं तेल, वाइन नाही तर ताक, असं काहीतरी. थोरल्या मावशींनी आधी कॉफी पुढे केली. पितळी फिल्टरमधलं पहिलं डिकॉक्शन, वर उकळतं दूध आणि साखर इतकी की चमचा ढवळताना जड लागावा. त्यांनी टंबलर हातभर उंच धरला, धार दवऱ्यात सोडली, परत वर घेतली. फेस आला, थेंब सांडला नाही. हात अजिबात कापत नव्हता. दिवसाला किती कॉफ्या, असं विचारलं तर म्हणाल्या, "मोजून पितात त्याला औषध म्हणतात."

दुपारी रसवांगी होतं. धणे, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या आणि खोबरं भाजून वाटलेलं, चिंचेच्या कोळात शिजलेलं वांगं आणि तुरीची डाळ. सोबत उडदाच्या पिठाचं डांगर आणि भात. मग पुन्हा भात. नंतर दहीभात. पांढरा, पॉलिशचा, शिधापत्रिकेवर फुकट मिळणारा. कुठल्याही आहारतज्ज्ञाने कपाळाला हात लावला असता. (सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट मी मुद्दामच काढली नाही. तंजावरात प्रत्येक मराठी पाहुणा ती काढतो आणि यजमान ती प्रत्येक वेळी सोसतात.)

जेवणानंतर धाकट्या मावशी आल्या आणि वयाचा विषय निघाला. खरी मजा इथे सुरू झाली.

थोरल्या मावशींच्या आधार कार्डावर १९३५ साल आहे. ते शाळेच्या दाखल्यावरून आलं, आणि शाळेत नाव घालताना वडिलांनी वय उतरवून सांगितलं होतं, जसं त्या काळी घरोघरी सांगत. पत्रिकेत मात्र श्रीमुख संवत्सर, आवणी महिना. आपण पाडव्याला पंचांगातलं संवत्सराचं नाव ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. इथे साठ नावांच्या त्या माळेवर माणसं जन्म, लग्नं, मरणं ओवून ठेवतात. श्रीमुख म्हणजे १९३३-३४.

"श्रीमुख नव्हे, आंगिरस," धाकट्या म्हणाल्या. म्हणजे आणखी एक वर्ष मागे.

"तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

"आईने सांगितलंय. पत्रिका नंतर केली. जोशाला पैसे द्यायला तेव्हा होते कुठे?"

मग साक्षीला वादळ आलं. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी नागपट्टिणमजवळ चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं आणि कावेरीच्या या सगळ्या मुलखात झाडं आडवी झाली. तेव्हा थोरल्या मावशींना सातवा महिना होता. स्वयंपाकघरावर माड पडला आणि त्यांना खाटेसकट शेजारच्या घरात नेलं, हे दोघींनाही मान्य. पोटातला तो मुलगा आज बहात्तरीत असून समोर वर्तमानपत्र वाचत बसला होता. तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती की वीस, यावर तह झाला नाही. मुलाने पेपरमधून मानही वर केली नाही. हा वाद त्याने आयुष्यभर ऐकलेला असणार.

मला सॉल न्यूमन आठवला. शंभरी ओलांडलेल्यांच्या जगभरच्या नोंदी तपासून या संशोधकाने दाखवलं की एकशे दहा वर्षांचे लोक बरेचदा तिथेच सापडतात जिथे जन्माचे दाखले धड नसतात. अमेरिकेत एकेका राज्यात जन्मनोंद सुरू झाली तसे असे विक्रमवीर घटत गेले. याबद्दल त्याला २०२४ चं इग नोबेल मिळालं. सार्डिनियावाले अर्थातच म्हणतात की आमची दफ्तरं चोख आहेत. मेल वीधीत उलटा प्रकार. कागद वय कमी सांगतो, बहीण जास्त.

साडेतीनच्या सुमारास एक बाई पिशवी घेऊन आल्या. रक्तदाब मोजला, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या, वहीत सही घेतली. 'मक्कळै तेडि मरुत्तुवम', लोकांना शोधत त्यांच्या घरी जाणारं वैद्यक, ही तमिळनाडू सरकारची योजना. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. साखरेचा आकडा ऐकून बाई रागावल्या. थोरल्या मावशींनी त्यांनाही कॉफी विचारली. देशात साठीपुढच्यांचं प्रमाण केरळात सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल तमिळनाडूत, हे मी आकड्यांत वाचलं होतं. त्यामागे काय काय असतं ते या पिशवीत दिसलं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू मावशींनी मदुराईच्या अरविंद रुग्णालयात काढून घेतले, शिबिराच्या बसने जाऊन. डॉ. वेंकटस्वामींनी ते १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं होतं. रसवांग्यापेक्षा माझा भरवसा आता अशा गोष्टींवर जास्त बसू लागला होता.

डोळ्यांच्या बाबतीत तंजावरची परंपरा जुनीच. दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) स्वतः डोळ्यांच्या उपचारांत रस घेत. रुग्णांच्या नोंदी आणि दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. औषधांच्या अभ्यासासाठी राजांनी धन्वंतरी महाल काढला होता. मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा लांबलचक मराठी इतिहास कोरून घेणारे तेही हेच.

मावशींच्या भिंतीवर यजमानांचा फोटो होता. दोघं पाटावर, गळ्यात जाडजूड हार, डोक्यावरून पाणी निथळतंय. "तिरुक्कडैयूर," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला जास्त जगायचंय ना? मग माझ्याकडे काय आलात, तिथे जा."

दुसऱ्या दिवशी गेलो. कुंभकोणम, मयिलाडुदुरै आणि पुढे समुद्राकडे. मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला शंकराने लाथ मारली ती इथे, अशी श्रद्धा. देवी अभिरामी. तिची कथाही भोसल्यांपर्यंत येते. पहिल्या सरफोजीराजांनी (१७१२ ते १७२८) एका भक्ताला तिथी विचारली. तो ध्यानात. अमावास्या असताना पौर्णिमा म्हणून गेला. राजा कोपला, भक्त देवीची स्तुती गात राहिला, आणि देवीने कानातलं आभाळात फेकून चंद्र उगवून दाखवला. तमिळ कथांत मराठी राजा असा रागावण्यापुरताच येतो.

देवळाच्या ओवऱ्यांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे नवरा-नवरी, आणि सगळे साठीचे, सत्तरीचे, ऐंशीचे. जन्माचं संवत्सर परत आलं की षष्ट्यब्दपूर्ती, सत्तरीला भीमरथ शांती, आणि आपल्याकडच्या सहस्रचंद्रदर्शनासारखं इथे शताभिषेक. कलशांच्या रांगा, धूर, लेकी-सुनांची धावपळ. एका ठिकाणी सत्तरीचे आजोबा पुन्हा मंगळसूत्र बांधत होते. गाठ बसेना. मडिसार नेसलेल्या आजी मान तिरकी करून थांबल्या होत्या आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या. आजूबाजूचं सगळं गोत हसलं, आजोबांसह. शेजारी दुसरं बिऱ्हाड पाट रिकामा होण्याची वाट बघत उभं. बाहेर हॉल, केटरर, फोटोवाले, हारवाले. अख्खं गाव लोकांच्या म्हातारपणावर जगतं, आणि चांगलं जगतं.

एका गुरुजींनी आम्हाला हेरलं. इंग्रजीत विचारलं, "युवर इयर?"

मी १९६७ सांगितलं, महिना नोव्हेंबर. त्यांनी बोटांच्या पेरांवर क्षणभर मोजलं. "प्लवंग. कार्तिगै मासम. परत येतं २०२७ मध्ये." मोबाइल काढून त्यांनी माझा नंबर घेतला, हॉलचा दर सांगितला आणि आगाऊ रक्कम आत्ता दिली तर दर वाढणार नाही म्हणाले.

बायको म्हणाली, "दाखल्यावरचं साल खरं आहे का, ते आधी तुझ्या आईला विचार."