मळवलीच्या निकाहला जाताना

बकरी ईद झाली की मुहर्रमचा चांद दिसेपर्यंत आपल्याकडे निकाहांची घाई असते. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत ही घाई नेमकी जूनच्या पावसात आली. त्यातच शहरातला हॉल सोडून मावळातल्या एखाद्या बंगल्यावर लग्न करण्याची पद्धत वाढली आहे. मळवली, कार्ला, भाजे ही गावे मुंबई आणि पुणे दोन्हीकडच्या पाहुण्यांना सोयीची. मात्र निमंत्रणपत्रिकेवर बंगल्याचे नाव असते, वाट नसते. या भागात आम्ही शाळेच्या सहली नेल्या आहेत, नात्यातल्या लग्नांनाही गेलो आहोत. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पुण्याहून येणाऱ्यांना लोणावळा लोकल सर्वांत सोपी. कामशेतनंतरचे स्टेशन मळवली. दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात, म्हणून जोहरनंतरचा निकाह असेल तर सकाळचीच लोकल धरावी. मुंबईकडच्या एक्सप्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. इंद्रायणी किंवा सिंहगडने लोणावळ्याला उतरावे आणि तिथून पुण्याकडे जाणारी लोकल पकडून एक स्टेशन मागे यावे, किंवा रिक्षा करावी. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.

गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की द्रुतगती मार्ग मळवलीवरून जातो, पण तिथे उतरायला वाट नाही. लोणावळ्याला बाहेर पडून जुन्या महामार्गाने कार्ला फाट्यावर यावे लागते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, हे घरातल्या तरुणांना आधीच सांगावे. शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाड्यांची रांग लागते, तेव्हा दोन तास हाताशी ठेवून निघावे. बंगला इंद्रायणीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे यजमानांना जरूर विचारावे. जोराच्या पावसात कार्ला-मळवली रस्त्यावर नदीचे पाणी येते. पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. निकाहला उशीर झाला तरी चालेल.

सामानात जरीचे कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत ठेवावेत. गुळगुळीत तळाच्या चपला घरी ठेवून पकड असलेल्या आणाव्यात. वडीलधाऱ्यांची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. वीज जाते, म्हणून एक टॉर्च हवाच. एक जादा जानमाज आणि मोबाइलमध्ये किब्ल्याची दिशा दाखवणारे होकायंत्र असावे, कारण ढगांमुळे दिवसभर सूर्य दिसत नाही. नमाज कसर करायची की पूर्ण, हे अंतरावर ठरते. मुंबई-कोकणातून येणारे आणि पुण्याहून येणारे यांचे उत्तर वेगळे असू शकते. आपापल्या मसलकप्रमाणे निघण्यापूर्वी इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. लग्नातली जोखीम मांडवात नसते, ती जेवणानंतरच्या मोकळ्या वेळेत असते. दुसऱ्या दिवशी सगळे भाचे-पुतणे जमलेले असतात, बाहेर पाऊस असतो, आणि कुणीतरी म्हणते, ‘चला, धबधब्यावर जाऊन येऊ.’ 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका मुस्लिम कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुले. घरच्या लग्नानिमित्त जमलेले नातेवाईक सहलीला निघाले होते. पाणी वाढू लागले तेव्हा सगळे एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभे होते. एकमेकांना धरूनही पाण्यापुढे कुणाचे चालले नाही.

याचे कारण समजून घ्यायला हवे. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते, पण वर डोंगरात मुसळधार पडत असते. ते पाणी थोड्या वेळाने एकदम खाली येते. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाला वाहू लागला, आवाज वाढला, की त्याच क्षणी काठावर यावे. खडकावर शेवाळ असते. तिथे पोहता येणाऱ्यालाही सावरता येत नाही. बंदीचा फलक असेल, पोलीस परत पाठवत असतील, तर हुज्जत न घालता मागे फिरावे.

मुलांना काही दाखवायचेच असेल तर भाजे लेणी मळवली स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. कार्ल्याचे चैत्यगृह तर देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यांपैकी एक, पण तिथे सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या नानी-दादींनी खालीच चहा घ्यावा. सकाळी लवकर जावे, पायऱ्यांवर मुलांचा हात धरावा.

यजमानांनाही एक विनंती. पत्रिकेसोबत जवळचे स्टेशन, परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ, जवळच्या दवाखान्याचा आणि एका जबाबदार माणसाचा नंबर पाठवा. वलीम्याच्या दिवशी दुपारी मुले कुणाच्या नजरेखाली राहतील, हे एखाद्या चाचांवर किंवा खालांवर नाव घेऊन सोपवा. सगळ्यांनी लक्ष ठेवायचे म्हटले की कुणीच ठेवत नाही.