दरडीखालच्या वाडीचा अर्ज

वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ‘मी जगाचा नागरिक’. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलं तडफेनं बोलली. ‘वसुधैव कुटुम्बकम्’ जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होतं. शेवटी मी विचारलं, “या जगात आपलं पोलादपूर कुठं बसतं?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, जगात जायचं तर आधी मुंबईची एसटी धरायची!” सगळे हसले. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच.

जग इतकं लांब नाही हे दाखवायला पुढच्या सुट्टीत मी त्यांना महाडच्या एसटीत बसवलं. चवदार तळं मुलांना नवं नव्हतं. तिथल्या पाण्याच्या सत्याग्रहाची 20 मार्च 1927 ही तारीख त्यांना पाठ होती. त्याच वर्षातली डिसेंबरची परिषद मात्र मनुस्मृतिदहनापुरतीच माहीत. 25 डिसेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्या मांडवातल्या सभेची तुलना 1789 साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. माणसं जन्मतः समान आहेत, असा हक्कांचा जाहीरनामा महाडात मंजूर झाला. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर 21 वर्षांनी, 1948 मध्ये आला. हे ऐकताना मुलं तळ्याकडे पुन्हा नीट बघू लागली.

त्यांना सगळ्यात जवळचे वाटले ते रामचंद्र बाबाजी मोरे. मार्चच्या परिषदेसाठी झटणारे मोरे तेव्हा जेमतेम 24 वर्षांचे होते. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी पत्र लिहून दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. “आमच्यापेक्षा लहान होते ते?” अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, “त्यांचा प्रश्न पाण्याचा, शाळेचा होता. आमचा दरडीचा आहे.”

ती डोंगरउतारावरच्या वाडीतली. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की तिची आजी रात्रभर जागी असते.

परतल्यावर आम्ही कामाला लागलो. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे विज्ञानाच्या सरांनी समजावलं. जमिनीला नव्या भेगा, तिरके झालेले झाड-खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, ही लक्षणं मुलांनी वाडीतल्या जाणत्यांबरोबर फिरून तपासली. मग अर्ज लिहिला. मागण्या तीन: उताराची भूवैज्ञानिक पाहणी, वाडीत पर्जन्यमापक, आणि रात्री-अपरात्री हलायची वेळ आली तर शाळेची किल्ली कुणाकडे असेल ते ठरवणं.

अठरा वर्षं पुरी नसल्यानं मुलांना ग्रामसभेत मत नव्हतं. म्हणून अर्ज आयांनी आधी महिला सभेत मांडला. अर्जात वाढतं तापमान आणि 2015 च्या पॅरिस कराराचा उल्लेख मुलांनी हट्टानं घातला होता. मग अर्ज ग्रामसभेत आला, तेव्हा एक गृहस्थ करवादले, “पॅरिसचं काय घेऊन बसलात? आपलं बघा.” दरडीचा प्रश्न काढणारी ती मुलगी उठली. “काका, कोळसा कुठंही जळू दे, पाऊस आपल्याच डोंगरावर पडतोय.” त्यावर कुणी काही बोललं नाही. अर्ज इतिवृत्तात आला.

किल्लीचा निर्णय त्याच दिवशी झाला. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसला. रोजची नोंद मुलं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात. पाहणीचं उत्तर अजून आलेलं नाही. स्मरणपत्राचा मसुदा तयार आहे, आणि अर्ज लिहिणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या ग्रामसभेपर्यंत अठरा वर्षांचे होतील. या वेळी मागणी त्यांची असेल आणि हातही त्यांचेच वर होतील.