ईमचें चर्च आणि सीमेवरचा दगड

इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत ईम नांवाचें एक डोंगराळ खेडें आहे. तेथील संत लॉरेन्स यांच्या नांवाचें मध्ययुगीन चर्च पाहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां एका जुन्या आठवणीनें आम्हांस खालीं मान घालावयास लाविलें. ती आठवण आधीं सांगतों.

सन 2020 च्या मे महिन्यांत करोनाच्या सांथीस भिऊन आम्ही मुंबईहून कोंकणांतील आपल्या गांवीं गेलों. गांवकऱ्यांनीं आम्हांस वेशीवरच थांबवून चौदा दिवस शाळेंत राहावयास सांगितलें. रोज कोणी तरी जेवणाचें ताट पायरीवर ठेवून दूर उभें राही. आपल्याच गांवांत आपला हा विटाळ, म्हणून आम्ही मनांतल्या मनांत जळत होतों.

ईमच्या चर्चच्या आवारांत सुमारें 1,200 वर्षांपूर्वींचा कोरीव दगडी क्रूस आहे; तो चर्चहूनही जुना. परंतु या मंदिराची खरी थोरवी त्याचीं दारें बंद झालीं त्या दिवसांत दिसून आली. सप्टेंबर 1665 मध्यें लंडनहून शिंप्याच्या घरीं आलेल्या कापडाबरोबर प्लेग गांवांत शिरला, असें सांगतात. जून 1666 मध्यें तेथील पाळक विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतामुळें पूर्वीं पद गमावलेले टॉमस स्टॅन्ली, हे दोघे मतभेद बाजूस सारून एकत्र आले. कोणीं गांवाची सीमा ओलांडूं नये, अशी त्यांनीं लोकांस विनंती केली आणि लोकांनीं ती मानिली. चर्च बंद करून उपासना उघड्या दरींत होऊं लागली. ज्यानें त्यानें आपलीं प्रेतें आपणच पुरावीं, असें ठरलें. बाहेरचे लोक सीमेवर अन्न ठेवीत. गांवकरी दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यांत पैसे ठेवीत.

मॉम्पेसन यांनीं आपलीं दोन मुलें आधींच दूर धाडिलीं होतीं. पत्नी कॅथरीन मात्र त्यांस सोडून जाईना. ऑगस्ट 1666 मध्यें ती प्लेगास बळी पडली. तिची कबर चर्चच्या आवारांतच आहे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सांथ ओसरली, तोंवर सुमारें 260 माणसें दगावलीं होतीं.

पुढें आम्ही सीमेवरच्या त्या दगडापाशीं गेलों. खळग्यांत बोट घालतांच शाळेच्या पायरीवरचें ताट डोळ्यांपुढें उभें राहिलें. मुंबईहून निघतांना आपण बरोबर काय नेत आहों, हा विचार आमच्या मनास शिवलाही नव्हता. ज्यांस आम्हीं निष्ठुर म्हटलें, त्यांनीं गांवही राखला आणि आम्हांस उपाशीही ठेविलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां गांवीं गेलों कीं त्या शाळेच्या पायरीवर क्षणभर बसल्यावांचून आम्ही पुढें जात नाहीं.