एका पानावरचे दोघे

प्रिय मैत्रिणीस,



कलाकुसरीच्या ओढीने जुळलेली मैत्री मतभेदांच्या काळातही का टिकते, या प्रश्नाचे उत्तर विल्यम मॉरिस आणि एडवर्ड बर्न-जोन्स या दोन इंग्रज कलावंतांच्या स्नेहात सापडते. अशा मैत्रीत हातातले काम दोघांत वाटलेले असते आणि एकाचा वाटा दुसऱ्यावाचून अपुरा राहतो, असे ते उत्तर आहे.

त्यांची भेट १८५३ मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात झाली. दोघांनाही धर्मोपदेशक व्हायचे होते, परंतु १८५५ मध्ये उत्तर फ्रान्समधील मध्ययुगीन चर्चे पाहून परतताना त्यांनी तो बेत सोडला आणि कलेलाच आयुष्य वाहायचे ठरवले. पुढे लंडनमध्ये त्यांनी एकत्र बिऱ्हाड केले, तेव्हा मॉरिसने मनाजोगते सामान स्वतः आखून सुताराकडून करवून घेतले. मॉरिसच्या लग्नात बर्न-जोन्सने दिलेल्या कपाटावर त्याने स्वतःच रंगवलेले चित्र होते आणि त्याचा विषय चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या एका कथेतून घेतलेला होता. १८६१ मध्ये काही मित्रांसह त्यांनी रंगीत काचा, भरतकाम आणि लाकडी सामान करणारी पेढी काढली. एक्झेटर कॉलेजच्या प्रार्थनामंदिरासाठी १८९० मध्ये पूर्ण झालेली टॅपेस्ट्री, म्हणजे उभ्या धाग्यांवर रंगीत आडव्या धाग्यांनी चित्रच विणून काढलेला भिंतीवरचा पडदा, हे त्याच सहकार्याचे फळ होय. त्यातील मनुष्याकृती बर्न-जोन्सच्या आहेत, तर रंगयोजना आणि पायाशी पसरलेली फुले मॉरिस व त्याचा सहकारी जॉन हेन्री डर्ल यांची आहेत.

ही वाटचाल मात्र एकमताची नव्हती. १८८३ पासून मॉरिस समाजवादी चळवळीत ओढला गेला आणि चौकाचौकांत भाषणे देऊ लागला, ही गोष्ट बर्न-जोन्सला रुचली नाही. उलट १८९४ मध्ये त्याने स्वतः बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब स्वीकारला. विचारांचे अंतर एवढे वाढले, तरी रविवारी सकाळी मॉरिसने त्याच्या घरी न्याहारीला जायचे आणि नंतर कामाच्या गोष्टी करायच्या, हा वर्षानुवर्षांचा रिवाज मोडला नाही.

त्या रिवाजाचे मोल मॉरिसच्या केल्म्स्कॉट छापखान्यातून १८९६ मध्ये बाहेर पडलेल्या चॉसरच्या ग्रंथात दिसते. त्याचे एखादे सचित्र पान उघडले, की बर्न-जोन्सचे शांत, रेखीव चित्र, भोवती मॉरिसने काढलेली दाट वेलबुट्टी आणि त्यानेच घडवलेल्या ठसठशीत टाइपाच्या काळ्याभोर ओळी एकत्र दिसतात. चित्रातील मोकळी जागा वेलबुट्टीला उठाव देते आणि वेलबुट्टीचा भार चित्राला स्थिर करतो, त्यामुळे यांतला कोणाचाही वाटा काढून घेतला तर पान कोसळते. बर्न-जोन्सची ८७ चित्रे लाकडी ठशांवर कोरून हाताने चालवायच्या छापयंत्रावर छापली गेली, कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर, म्हणजे लिहिण्या-छापण्यासाठी तयार केलेल्या पातळ कातड्यावर, १३ प्रती निघाल्या. लग्नाच्या कपाटावर एकट्याने रंगवलेला चॉसर असा दोघांच्या हातांनी पुरा झाला. ग्रंथ हाती आल्यावर चारच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १८९६ रोजी, मॉरिसचे निधन झाले. मनातले सगळे मतभेद मिटवून मग काम करू, असे या दोघांनी ठरवले असते, तर तो ग्रंथ कधीच झाला नसता.

गोधडीचेही असेच आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकत्र धरणारा सलग साधा टाका, ज्याला धावदोरा म्हणतात, तो काठाकडून आत सरकत जातो, आणि दोघी समोरासमोर बसल्या तर दोन्हीकडचे टाके मध्यावर येऊन मिळतात. या पत्राच्या दोन टोकांना असलेल्या दोघींची गोधडी काठाकडून निम्मी शिवून झाली आहे, मधला भाग तेवढा उरला आहे. आपल्यातले मतभेद आहेत ते राहोत, रविवारी सुई घेऊन यावे.



एक मैत्रीण