पुरती सुटू द्या
उन्हाळा कडक लागला की राजारामपुरीच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांमधून सागवानी खुर्च्या कुरकुरायला लागतात. जूनमध्ये पावसानं जोर धरला की त्या गप्प होतात आणि घरच्यांना वाटतं, बरी झाली. बरी कसली? दमट हवेनं लाकूड फुगलेलं असतं, एवढंच. म्हणून मी शेजाऱ्यांना सांगतो, खुर्ची एप्रिल-मेमध्येच आणा. तेव्हा दुखणं लपत नाही.

लाकूड रुंदीत फुगतं-आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पायाच्या खोबणीत आडव्या पट्टीची कूस बसते, तेव्हा दोघांचे रेषे एकमेकांना आडवे येतात आणि दर मोसमात त्यांची ओढाताण चालते. त्यात मागच्या दोन पायांवर झुलणारा एखादा नातू घरात असला, की सांधा सुटलाच.

"काका, दोन खिळे ठोका की!" हा ठरलेला सल्ला. खिळ्याचा मला मनापासून राग आहे. तो कूस चिरतो, गंजतो, आणि पुढच्या माणसाला जंबूर घेऊन आधी खिळेच उपटत बसावं लागतं. दुसरा सल्ला, फटीत फेविकॉल सोडा. पण जुन्या थरावर नवा धरत नाही. त्याला कोरं लाकूड लागतं. म्हणून एकच सांधा हलत असला तरी मी त्याच्या जोडीचे सगळे ढिले सांधे सोडवतो. मालकाचा चेहरा पडतो, पडू दे.

खुर्ची खूप जुनी असेल तर काम सोपं. फेविकॉल १९५९चा, त्याआधी सुतार सरस वापरत. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं की सरस मऊ होतो. मग पटाशीनं तो खरवडायचा, लाकूड न तासता. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून थिनरचा बोळा फिरवायचा. तरीही कूस सैल बसली तर तिला सागाचीच पातळ कपची चिकटवायची. भुसा-फेविकॉलचा लगदा फट बुजवतो, भार घेत नाही.

मग नवा फेविकॉल लावून सांधे आवळायचे. क्लॅम्प नसला तरी अडत नाही. पायांभोवती सुती दोरी गुंडाळून लाटण्यानं पीळ द्यायचा. खुर्ची सपाट फरशीवर हवी, आणि दोन्ही कर्ण सुतळीनं मोजून सारखे भरायला हवेत. नाहीतर ती वाकडीच वाळते आणि लोक पाय कापायला काढतात: आधी एक, मग दुसरा, शेवटी पाट उरतो.

त्यानंतर चोवीस तास बसायचं नाही. घरात हे कुणी ऐकत नाही, म्हणून मी बैठकीवर तांदळाचा डबा ठेवून देतो.